आवाज नेमका अडला कुठे?

घरच्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे काहीच बिघडल्यासारखं न दिसणं. लाल बटण लागलेलं असतं, वेळ पुढे सरकत असते, ट्रॅकवर पट्टीही उमटत असते. फक्त त्या पट्टीतली रेघ सपाट असते. माइक चालू, केबल घट्ट, हेडफोनमध्ये गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ, आणि फाइलमध्ये शून्य. आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण घरांत आता यूएसबी इंटरफेस आणि एखादा कंडेन्सर माइक असतो. आजीच्या ओव्या, बाबांचं भजन, मुलीची पेटी असं काही ना काही रेकॉर्ड होत असतं. त्यामुळे हा प्रसंग तुमच्यावर आला नसेल तर येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्यावर तो आला गेल्या जुलैत, पेडणे तालुक्यातल्या पार्से गावी, माझ्या मामांच्या घरी. मी डिचोलीला राहतो. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ असं करत सगळं सामान गाडीतून नेलं होतं. कारण साधं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मामांच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्राकडे जाणारी नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. आवाज काही दिवस बसू शकतो, क्वचित कायमचा बदलूही शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मामांना त्याची फार चिंता नव्हती. आईला होती. आमच्याकडे चवथीला ज्या चालीत आरत्या होतात, त्यातल्या काही आता फक्त मामांना येतात. बाकीचे मागून ओढतात.

घुमट आरती रेकॉर्ड करणं हे एकट्या गळ्याचं गाणं रेकॉर्ड करण्यापेक्षा अवघड आहे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, आणि लहान तोंड दुसऱ्या हाताच्या तळव्याने झाकत-उघडत नाद बदलायचा. त्याची थाप इतकी जोरकस असते की जवळच्या माइकवर ती येताच आवाज फाटतो. सोबत शामेळ आणि कासाळें असली की विचारूच नका. म्हणून दोन माइक लावले होते, एक मामांच्या तोंडासमोर आणि एक घुमटापासून हातभर लांब. इंटरफेसचा पहिला इनपुट गळ्याला, दुसरा घुमटाला. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारच्या मुलांना लाडू देऊन लांब पाठवलेलं. पाऊस मात्र मंगळुरी कौलांवर पडतच होता, त्याला लाडू देता येत नाही.

मामांचा एकच नियम होता. आरती देवासमोर म्हणायची, टेस्टिंगसाठी नाही. समई लावली की सुरू करायची ती पुरी करायची. म्हणजे ‘मामा, एक कडवं म्हणून दाखवा, लेव्हल बघतो’ हा मार्ग बंद.

पहिल्या तीन आरत्या नीट झाल्या. मग चहा झाला. चहा चालू असताना वीज क्षणभर गेली आणि आली. पावसाळ्यात त्याकडे कोणी मान वर करूनही बघत नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्याला काही झालं नाही. चौथी आरती सगळ्यात लांब, गावच्या देवीची, मामांनी आपल्या वडिलांकडून घेतलेली. मामी समईत तेल घालत होती. मी ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार केला आणि मीटर बघितला. कौलांवरच्या पावसाचा म्हणून जो बारीक हलता काटा तिथे सकाळपासून होता, तो पूर्ण मेला होता.

“आवाज खंय गेलो रे?” मामांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

“आवाज आसा मामा, तो कंप्युटराक पावना.”

इथे पहिली गोष्ट सांगतो, जी मी कामावर रोज करतो आणि इथेही केली. कशालाही हात लावायच्या आधी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते बघायचं. माइक, केबल, इंटरफेस, यूएसबी, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर, ट्रॅक, अशी ही साखळी आहे. एका टोकापासून चाचपत जायची गरज नाही, मधेच तोडायची. इंटरफेसवर प्रत्येक इनपुटला लहान दिवा असतो. मी मामांना म्हटलं, आरती नको, पण घुमटाच्या चामड्याबद्दल सांगा. मामा बोलू लागले आणि दिवा हिरवा लुकलुकला. म्हणजे माइक, केबल आणि माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा हे सगळं निर्दोष. अर्धी साखळी एका मिनिटात बाद.

हेडफोनवर मात्र विश्वास ठेवायचा नाही. बहुतेक इंटरफेस माइकचा आवाज कंप्युटरकडे न नेता थेट हेडफोनला देऊ शकतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून ही सोय असते. त्यामुळे कानात ऐकू येतं म्हणजे रेकॉर्ड होतं असं मुळीच नाही. किती चांगली गाणी या एका गैरसमजात गेली असतील!

पुढची पायरी ऑपरेटिंग सिस्टिमची. तिच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुटचा काटा हलत होता. म्हणजे आवाज लॅपटॉपच्या आत आला होता आणि सॉफ्टवेअरच्या दारात अडला होता. ट्रॅकच्या इनपुटची यादी उघडली तर तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. सकाळी जोडलेले दोन्ही इनपुट गायब.

झालं असं होतं. इंटरफेस एका बाहेरून वीज घेणाऱ्या यूएसबी हबला लावला होता. वीज गेली तेव्हा हब क्षणभर बंद पडला आणि त्याच्यावरचं सगळं सुटलं. वीज आल्यावर सगळं परत जोडलं गेलं, पण या वेळी वेबकॅमचा माइक आधी आणि इंटरफेस नंतर. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यात साउंड कार्डांना सापडतील त्या क्रमाने नंबर मिळतात, शून्य, एक, दोन. सकाळी जो एक नंबर होता तो आता दोन झाला होता. आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जोडणी लक्षात ठेवतं ती वस्तूची नाही, नावाची. ‘एक नंबर कार्डाचा पहिला इनपुट’ एवढंच त्याने लिहून ठेवलेलं. त्या पत्त्यावर आता दुसराच भाडेकरू. त्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडे पोस्टमन माणूस ओळखतो म्हणून पत्र पोचतं, नुसत्या घर नंबरवर किती पोचली असती?

उपाय दोन मिनिटांचा होता. ऑडिओ इंजिन थांबवलं, डिव्हाइसच्या यादीतून इंटरफेस पुन्हा निवडला, इंजिन चालू केलं, गळ्याच्या ट्रॅकला पहिला आणि घुमटाच्या ट्रॅकला दुसरा इनपुट हाताने जोडला. हबवरून काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावला. नंतर घरी येऊन कार्ड नंबराऐवजी त्याच्या स्थिर नावाने निवडण्याची व्यवस्थाही केली, म्हणजे क्रम बदलला तरी फरक पडू नये.

विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्यांची कारणं थोडी वेगळी असतात. सर्वांत आधी परवानगी तपासा. विंडोज १० पासून प्रायव्हसी सेटिंगमध्ये आणि मॅकवर २०१८च्या मोहावीपासून माइक वापरायची परवानगी द्यावी लागते. एखाद्या अपडेटनंतर ती उडालेली असू शकते, आणि सॉफ्टवेअर तक्रार न करता शांतता रेकॉर्ड करत राहतं. दुसरं म्हणजे सॅम्पल रेट. सॉफ्टवेअर ४४.१ किलोहर्ट्झवर आणि डिव्हाइस ४८वर असेल तर काही वेळा इनपुट उघडतच नाही. तिसरं, एखादी व्हिडिओ कॉलची विंडो मागे उघडी राहून तिने माइक धरून ठेवलेला. आणि लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवत असेल तर ती सोय रेकॉर्डिंगच्या दिवशी बंद करा.

नावावरून आठवलं. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइक नव्हता, केबल नव्हती. भोंग्यात गायचं, त्याने सुई हलायची, मेणावर रेघ उठायची. जोडणी तुटायला जागाच नाही. पण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून त्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायच्या. नाव हरवलं की आवाज कुणाचा हे हरवतं, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

पार्शात तोवर मामा चामड्यावर बोलतच होते. पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं लावायचे. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली ती त्यानंतरची. मामांच्या मते बकऱ्याचं चामडं पावसात लवकर सैल पडतं. त्यांनी तेव्हाच ते चुलीशी धरून शेकवलं आणि ‘आता बघ’ म्हणून थाप मारली. मीटर लाल झाला. मी दुसऱ्या इनपुटचा गेन खाली घेतला. मामांचा नियम न मोडता लेव्हल मिळाली होती. जोडणी परत आली तेव्हापासूनचं त्यांचं बोलणंही ट्रॅकवर आलंय, साधारण चार मिनिटं. त्यात मध्येच मामीचा ‘तेल सरलां’ असा आवाज आहे. तो मी कापलेला नाही.

मग देवीची आरती झाली, एका दमात, अकरा मिनिटं. मी पूर्ण वेळ मीटरवरून नजर हलवली नाही, त्यामुळे खरं सांगायचं तर आरती मी ऐकली ती रात्री डिचोलीला येऊन.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मामांचा बोलण्याचा आवाज महिन्याभरात परत आला. वरचे स्वर मात्र लागत नाहीत. चवथीला त्यांनी घुमट वाजवलं आणि आरती माझ्या मामेभावाने म्हटली. तो आठवडाभर आधीपासून ती फाइल गाडीत लावून पेडणे ते पणजी जा-ये करत होता. तिसऱ्या कडव्यात चाल जिथे वर जाते तिथे तो दोनदा अडला. मामांनी घुमट न थांबवता मान हलवून त्याला पुढे ढकललं.

चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन ट्रॅक, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. सगळं तीन ठिकाणी ठेवलंय. फाइलच्या नावात गाव, वर्ष, आरती आणि म्हणणाऱ्याचं नाव आहे. आईने आता डिचोलीच्या आत्याचा नंबर लावलाय. तिला फुगडीची चाळीस गाणी येतात आणि तिचा टेस्टिंगबद्दल काही नियम नाही.