अपेक्षित ओळी, प्रत्यक्ष ओळी

स्वयंचलित चाचणीत अनेकदा दोन तक्ते समोरासमोर येतात. अपेक्षित तक्ता चाचणी लिहिणाऱ्याने आधीच मांडून ठेवलेला असतो, तर प्रत्यक्ष तक्ता चाचणी चालताना प्रणालीतून बाहेर येतो. दोन्ही जुळले तर चाचणी पास, नाहीतर फेल. मात्र ते जुळले असे कधी म्हणायचे, हे संगणकाला आपोआप कळत नाही. ते तक्त्याच्या अर्थावरून ठरते आणि ते ठरवणे हेच चाचणी लिहिणाऱ्याचे मुख्य काम असते.

दूध संकलन केंद्राच्या बिलाचा तक्ता घेऊ. त्यात सभासद क्रमांक, तारीख, सत्र, लिटर, फॅट, दर आणि रक्कम असे रकाने आहेत. तुलनेतले बहुतेक प्रश्न या एका तक्त्यात सापडतात.

पहिला प्रश्न क्रमाचा. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात तक्ता म्हणजे ओळींचा संच असतो आणि संचाला क्रम नसतो. एसक्यूएलमध्येही ‘ऑर्डर बाय’ लिहिले नसेल, तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. इंडेक्स बदलला किंवा क्वेरी समांतर चालली, की क्रम बदलू शकतो. मग एरवी पास होणारी चाचणी एखाद्या रात्री कारणाशिवाय फेल झाल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे: तुलनेआधी दोन्ही बाजू एकाच नियमाने लावून घ्याव्यात. मात्र रकमेच्या उतरत्या क्रमाने यादी देण्याचे प्रणालीने कबूल केले असेल, तर तो क्रमही तपासायलाच हवा. तिथे दोन्ही बाजू पुन्हा लावून घेतल्या, तर नेमकी तीच चूक झाकली जाते.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. एसक्यूएलच्या तक्त्यात तंतोतंत सारख्या दोन ओळी असू शकतात. बिलात तीच ओळ दोनदा आली, तर सभासदाला दुप्पट पैसे जातील. संच म्हणून तुलना केली तर ही चूक दिसत नाही. पोस्टग्रेससाठीच्या पीजीटॅप या साधनात म्हणूनच तीन वेगळी फंक्शन आहेत. ‘रिझल्ट्स इक्यू’ क्रमासह तपासते, ‘बॅग इक्यू’ क्रम सोडते पण पुनरावृत्ती मोजते, आणि ‘सेट इक्यू’ दोन्हींकडे दुर्लक्ष करते. एका तक्त्याच्या ओळींतून दुसऱ्याच्या ओळी वजा करणारे एसक्यूएलमधले ‘एक्सेप्ट’ वापरतानाही हाच धडा लागू पडतो. अपेक्षितमधून प्रत्यक्ष वजा केल्यास फक्त गहाळ ओळी कळतात. जादा ओळींसाठी वजाबाकी उलट्या दिशेनेही करावी लागते. शिवाय साधे ‘एक्सेप्ट’ पुनरावृत्ती काढून टाकते, त्यामुळे ओळींची संख्या महत्त्वाची असेल तिथे ‘एक्सेप्ट ऑल’ लागते.

तिसरा प्रश्न जोड्या लावण्याचा. पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी अशी तुलना केली आणि वरची एकच ओळ गहाळ असली, तर तिच्याखालची प्रत्येक ओळ चुकीची ठरते. एक दोष शेकडो दोषांसारखा दिसतो. यावर किल्लीचा उपाय आहे. वरच्या तक्त्यात सभासद क्रमांक, तारीख आणि सत्र मिळून ओळीची ओळख पटते. नुसता सभासद क्रमांक पुरत नाही, कारण एकच सभासद सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा दूध घालतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ साली तयार केलेल्या फिट या साधनातील ‘रो फिक्श्चर’ याच विचारावर उभे आहे. ते डावीकडच्या रकान्यांवरून जोड्या लावते, जोडी न मिळालेल्या ओळींवर गहाळ किंवा जादा अशी खूण करते, आणि जुळलेल्या ओळींत पुढचे रकाने तपासते. ओळीची ओळख सांगणारे रकाने कोणते आणि तिची मूल्ये सांगणारे कोणते, हा भेद चाचणी लिहितानाच स्पष्ट असायला हवा.

जोडी लागल्यावर रकान्यातल्या मूल्यांचा प्रश्न येतो आणि सर्वाधिक बारकावे इथेच आहेत. फॅट मोजलीच गेली नसेल तर रकान्यात ‘नल’ असते, आणि ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. एसक्यूएलमध्ये ‘नल’ बरोबर ‘नल’ या तुलनेचे उत्तर खरेही नाही आणि खोटेही नाही, ते अज्ञात असते. ‘एक्सेप्ट’ मात्र दोन ‘नल’ एकच मानते. त्यामुळे तेच दोन तक्ते वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले, तर निकालही वेगळे येऊ शकतात.

आकड्यांचेही तसेच. द्विमान दशांश प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी छापली जाते, म्हणून अशा संख्यांना काही सूट द्यावीच लागते. ती सूट किती, हे मात्र साधनावर सोडू नये. पायथनच्या पांडाज ग्रंथालयातील ‘असर्ट फ्रेम इक्वल’ दशांश संख्यांना न सांगताही एक लाखाला एक इतकी सापेक्ष सूट देते. एक लाख रुपयांच्या रकमेत ५० पैशांचा फरक असला, तरी ती चाचणी पास होते. तापमानाच्या नोंदींना हे चालेल, पण सभासदाच्या पैशांना चालणार नाही. रक्कम अचूक दशमान प्रकारात ठेवावी आणि सूट न देता तपासावी. तिथेही सावध राहावे लागते: जावाच्या ‘बिगडेसिमल’मध्ये ‘इक्वल्स’ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, ‘कंपेअरटू’ला मात्र ते सारखे वाटतात.

मराठी मजकुराची अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ एका संकेतांकाने साठवता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोन संकेतांकांनीही. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने हे दोन्ही एक होतात. पण कोणी ‘र’, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ टाइप करून तसाच अर्धा र उमटवला असेल, तर सामान्यीकरणाने तो फरक मिटत नाही. गावांची आणि माणसांची नावे तपासताना यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

काही रकाने तुलनेत घ्यायचेच नसतात, जसे की आपोआप वाढणारा नोंदक्रमांक किंवा नोंदीची वेळ. ते वगळता येतात. पण वगळलेला रकाना म्हणजे न तपासलेला रकाना. वेळ महत्त्वाची असेल, तर चाचणीपुरते घड्याळ स्थिर ठेवून तीही तपासणे अधिक चांगले.

फेल झालेल्या चाचणीचा अहवाल हाही तुलनेचाच भाग आहे. ‘तक्ते जुळत नाहीत’ एवढ्याने दुरुस्ती करणाऱ्याचे काही भागत नाही. एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या टीएसक्यूएलटी साधनातील ‘असर्ट इक्वल्स टेबल’ प्रत्येक ओळीपुढे खूण करते: फक्त अपेक्षित बाजूला असलेल्या ओळीपुढे <, फक्त प्रत्यक्ष बाजूला असलेल्या ओळीपुढे > आणि दोन्हीकडे असलेल्या ओळीपुढे =. किल्लीनुसार तुलना केली असेल, तर अहवालाने त्यापुढे जाऊन कोणत्या सभासदाच्या, कोणत्या सत्राच्या, कोणत्या रकान्यात काय हवे होते आणि काय आले, हेही सांगावे.

अपेक्षित ओळी कुठून येतात, यावर साऱ्या तुलनेचे मोल अवलंबून असते. ज्या सूत्राची तपासणी करायची, त्याच सूत्राने त्या तयार केल्या, तर चूक दोन्हीकडे सारखीच उतरते आणि चाचणी पास होते. ओळी थोड्या असाव्यात आणि त्यांतला प्रत्येक आकडा नियमावरून हाताने पडताळलेला असावा. प्रणालीचे आजचे उत्पादन जतन करून उद्यासाठी अपेक्षित म्हणून वापरायचे असेल, तर जतन करण्याआधी ते माणसाने वाचलेले असावे.

शेवटी तुलनेचीच परीक्षा घ्यावी. एखादी ओळ काढून, एखादी दोनदा घालून, एका रकमेत एक पैसा बदलून चाचणी प्रत्येक वेळी फेल होते का, हे पाहावे. दोन्ही बाजू रिकाम्या असतानाही तक्ते जुळतात, म्हणून ओळींची संख्या शून्य नाही हेही वेगळे तपासावे. एवढे झाल्यावरच चाचणीच्या पास होण्यावर सभासदाच्या बिलाचा भरवसा ठेवता येतो.