तहान दाबून ठेवू नका

मुतखडा हा चांगलेचुंगले खाणाऱ्यांचा आजार आहे, असे आमच्या चाळीत पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याला घाम फार येतो आणि पाणी कमी मिळते, त्याला तो गाठतो. रिक्षावाला, भट्टीवरचा कामगार, दिवसभर लघवी रोखून धरणारी बाई, ही सारी आपलीच माणसे आहेत.

माझे धाकटे दीर घाटकोपर स्टेशन ते असल्फा रिक्षा चालवतात. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात त्यांच्या कमरेत अशी कळ आली की रिक्षा कडेला लावून ते फुटपाथवरच बसले. सोनोग्राफीत पाच मिलीमीटरचा खडा निघाला. एवढा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, तसा तो सहाव्या दिवशी पडला. पण त्या सहा दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाने एकेक इलाज सांगितला.

त्यांचे रिक्षावाले मित्र म्हणाले, "रोज एक बियर घे, खडा धुऊन निघेल." मी म्हटले, "भाऊ, रविवारी विहारात पंचशील म्हणता ना?" तर म्हणतात, "वहिनी, हे औषध आहे हो!" बियरने लघवी जास्त होते हे खरे. पण अडकलेला खडा त्याने सुटत नाही, उलट रक्तात यूरिक अॅसिड वाढते आणि काही खडे त्याचेच बनतात. शिवाय औषध म्हणून घरात शिरलेली बाटली खडा पडल्यावर बाहेर जात नाही, हे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे.

सासूबाईंनी कुळथाचे कढण केले. ते प्यायला हरकत नाही, पोटात पाणीच जाते. कढणाने खडा विरघळेल म्हणून डॉक्टरांचे औषध मात्र थांबवू नये.

जाऊबाईंनी तर चहातले दूधच बंद केले. खड्यात कॅल्शियम असते, म्हणून दूध वाईट, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात उलटे आहे. चहात, पालकात ऑक्झलेट असते. दुधातले कॅल्शियम त्याला पोटातच धरते आणि ते शौचावाटे निघून जाते, मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते. १९९३ साली अमेरिकेत सुमारे ४५ हजार पुरुषांची पाहणी छापून आली. तिच्यात जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. तेव्हा दुधाचा चहा, ताक, दही बिनधास्त घ्या. ताकात मीठ मात्र चिमूटभरच, कारण मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते.

लिंबाचे सांगायचे तर, त्यातले सायट्रेट खडा जमू देत नाही. पण गाडीवरच्या सरबतात साखर आणि मीठ दोन्ही सढळ असतात. घरीच अर्धे लिंबू पाण्यात पिळून प्यावे. रंगीत बाटलीतले गोड कोला टाळा. २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत असा कोला रोज पिणाऱ्यांत खड्याचे प्रमाण जास्त, तर चहा-कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळले.

आणि लिंबू महाग झाले तर? साधे पाणी आहेच. १९९६ साली इटलीतील डॉक्टरांनी पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले. पाच वर्षांत त्या गटात शंभरातील १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. आपल्या उन्हात त्यासाठी तीन लिटर तरी पाणी लागेल. लघवी फिकट, जवळजवळ पांढरी असेल तर पाणी पुरते आहे असे समजा. (ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. आणि खड्याच्या कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर घरी इलाज करीत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.)

हे सगळे मी लेकीला सांगितले. ती अंधेरीला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. ती म्हणाली, "आई, पाणी प्यायला कोण नाही म्हणतं? जायचं कुठे?" तिच्या खात्यात ४० बायकांना एक संडास, त्याची कडी तुटलेली, आणि जाण्याआधी सुपरवायझरला विचारायचे. म्हणून सकाळी आठनंतर ती घोटभरही पीत नसे. लोकलमध्ये संडास नाहीत. सार्वजनिक मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे, याविरुद्ध मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली ती उगाच नव्हे.

मी तिला म्हटले, एकटीने बोलू नकोस. मग जेवणाच्या सुटीत सगळ्या जणी मिळून मॅनेजरकडे गेल्या. कडी दुसऱ्याच दिवशी बसली. दुसऱ्या संडासाचे "बघू" म्हणाले आहेत. लेक आता डब्याबरोबर लिटरची बाटली नेते आणि संध्याकाळी ती रिकामी आणते.