देठ

आई हार करायला बसली की तिच्या एका बाजूला फुलांची परडी असायची आणि दुसऱ्या बाजूला मोडलेल्या देठांचा ढीग. तगर, शेवंती, झेंडू, कुठलंही फूल हातात आलं की अंगठ्याच्या नखाने देठ टचकन मोडायचा आणि फूल सुईत ओवायचं. हार पूर्ण झाला की देठ केरात जायचे. हार मीही असेच केले. फुलाला देठ असतो तो मोडण्यासाठीच, असं वयाच्या साठीपर्यंत मला खरोखर वाटत होतं.

आमचं घर देहूरोडला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. इथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली. नागपूरची दीक्षा अजून दोन वर्षं लांब होती. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. गर्दीत त्यांना मूर्ती काही दिसली नाही, बाबासाहेबही दिसले नाहीत. पण फुलांचा वास आठवतो, असं ते शेवटपर्यंत सांगत. दरवर्षी त्या तारखेला आमच्या घरात पहाटेपासून हार होतात. म्हणून मी जपानी फुलरचना शिकायला पुण्याला जाणार म्हटल्यावर आईला काही कळेना. "फुलं तुला येतात की! आता आणखी काय शिकायचं?"

बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी पु. ल. देशपांडे उद्यानात गेले होते. सिंहगड रस्त्यावरची ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की मोकळी ठेवलेली जागाही कुणीतरी विचार करूनच ठेवलेली असते. त्यानंतर ओळखीतून कोथरूडच्या एका बाईंचा पत्ता मिळाला. यजमानांच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं जपानमध्ये राहिल्या होत्या आणि तिथे फुलरचनेची सोगेत्सु शैली शिकल्या होत्या. दर शनिवारी सकाळची लोकल पकडून शिवाजीनगर, तिथून बस, असा माझा क्रम सुरू झाला.

पहिल्या दिवशी बाईंनी फूल दिलंच नाही. पेरूची एक फांदी हातात दिली आणि म्हणाल्या, "हिचं तोंड कुठे आहे ते आधी शोधा." फांदीला तोंड असतं? मी ती फिरवत बसले. पाऊण तासाने लक्षात आलं की एका बाजूने पानांचा वरचा चकचकीत भाग दिसतो आणि दुसऱ्या बाजूने फिका, शिरांचा. फांदी झाडावर असताना उजेडाकडे वळलेली असते. तो वळण घेतलेला भाग म्हणजे तिचं तोंड. ते सापडल्यावर फांदी कशी उभी करायची हे तीच सांगते, आपण फक्त नको असलेली पानं काढायची. त्या फांदीवरची निम्म्याहून जास्त पानं बाईंनी माझ्याकडून काढून घेतली. प्रत्येक पान तोडताना जिवावर येत होतं. शेवटी सात पानं उरली आणि फांदीची रेघ दिसू लागली.

त्यानंतर मापं आली. सोगेत्सुच्या पहिल्या धड्यात तीन मुख्य काड्या असतात: शिन, सोए आणि हिकाए. पसरट भांड्याची रुंदी आणि खोली यांची बेरीज करायची आणि तिच्या साधारण दीडपट शिन घ्यायची. सोए तिच्या पाऊणपट, हिकाए सोएच्या पाऊणपट. माझं भांडं ३० सेंटीमीटर रुंद आणि ६ सेंटीमीटर खोल, म्हणजे शिन ५४ सेंटीमीटर, सोए ४० आणि हिकाए ३०. शिन जवळजवळ सरळ, उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली. सोए ४५ अंशांवर आणि हिकाए ७५ अंशांवर, जवळजवळ पाण्याला टेकायला आलेली. बाकीच्या लहान काड्या यांच्या सोबतीला. आयुष्यभर आकडे केले होते, त्यामुळे हे गणित मला चटकन जमलं. डोळ्यांना ते पटायला मात्र वर्ष लागलं.

घरी सुरुवात केली तेव्हा भांडं म्हणून आजीची पितळी परात काढली. खरी अडचण केन्झानची. शिशाच्या जाड चकतीवर पितळी खिळ्यांचं रान असतं, त्याला केन्झान म्हणतात. या नावाचा अर्थच तलवारींचा डोंगर. काडी त्या खिळ्यांत रोवायची. एका दुकानातून स्वस्तातला एक आणला. त्याचे खिळे लोखंडी निघाले. आठवड्यात गंज चढला, परातीला तांबूस डाग पडला तो आजतागायत गेला नाही. वर तो हलका, म्हणून फांदी कलवली की सगळंच आडवं. एकदा रात्री अडीचला मालगाडी गेली आणि परातीतली रचना धाडकन जमिनीवर आली. आई दचकून उठली. पुढे बाईंनी त्यांच्याकडचा जुना, वजनदार केन्झान दिला आणि युक्तीही सांगितली: जड फांदी आधी सरळ रोवायची, मग हलकेच कलवायची, आणि तोल जात असेल तर दुसरा केन्झान पहिल्याच्या कडेवर पालथा ठेवायचा. आता मालगाडी गेली की परातीतल्या पाण्यावर फक्त बारीक वलयं उठतात. रात्री जाग आली तर मी ती बघत बसते.

काही गोष्टी हातालाच कळतात. देठ पाण्यात बुडवून पाण्याखालीच कापायचा, म्हणजे त्याच्या नळ्यांत हवा शिरत नाही आणि फूल जास्त टिकतं. फुलाचा मऊ देठ सरळ कापायचा, फांदी तिरकी. फांदी वाकवायची असेल तर दोन्ही अंगठे जोडून, थोडं थोडं दाबत जायचं; घाई केली की कडकन मोडते. अशा कितीतरी मोडल्या.

आईला पटवायला मात्र यातलं काही कामी आलं नाही. कामी आला इतिहास. क्योतो शहरात रोक्काकुदो नावाचं षट्कोनी बुद्धमंदिर आहे. तिथल्या तळ्याकाठच्या कुटीत राहणारे भिक्खू बुद्धाला रोज फुलं वाहत. तळ्याकाठची कुटी म्हणजे जपानीत इकेनोबो, आणि तेच या कलेच्या सर्वांत जुन्या घराण्याचं नाव झालं. १४६२ साली त्यातल्या सेन्केई यांनी केलेली फुलरचना बघायला क्योतोचे रसिक लोटले, अशी नोंद एका भिक्खूच्या रोजनिशीत आहे. पसरट भांडं आणि केन्झान बरेच नंतरचे; पसरट भांड्यातली रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी रूढ केली. माझी सोगेत्सु तर १९२७ सालची. पण मुळाशी आहे ती बुद्धासमोरची फुलं. मी हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, म्हणजे तेही पुष्पपूजाच करतात. फक्त देठासकट."

त्या दिवसापासून माझी परात घरातल्या बुद्धमूर्तीशेजारी गेली. एक वाद मात्र राहिला. एखादं फूल कोमेजलं की मी ते लगेच काढायची आणि आई अडवायची. पुष्पपूजेच्या गाथेत, हे फूल जसं कोमेजतं तसंच हे शरीरही नाशाकडे जातं, असा अर्थ आहे. ती गाथा आई रोज म्हणते. "रोज तेच म्हणायचं आणि फूल सुकलं की नजरेआड करायचं, हे कसलं?" मी बाईंना विचारलं, तर त्यांनीही आईचीच बाजू घेतली. त्यांच्या रचनेत उमललेल्या फुलाशेजारी कळी असते, किडीने खाल्लेलं पान असतं, बियांची वाळकी शेंग असते. काळ गेलेला दिसला पाहिजे, असं त्या म्हणतात. मला वाटतं, या कलेतलं सगळ्यात कठीण काम हेच आहे. मापं त्याच्यापुढे सोपी.

फुलं विकत आणणं हळूहळू कमी झालं. घोरावडेश्वरच्या लेण्यांकडे सकाळी चढून जाते, तेव्हा पिशवीत छाटणीची कात्री असते. पण वापरते क्वचित, कारण पडलेल्या काटक्यांनीच पिशवी भरते. लष्कराच्या हद्दीत काही तोडायला जायचं नाही, हे देहूरोडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं, तेव्हा रस्त्याकडेचं आणि ओळखीच्या बांधावरचं तेवढंच घ्यायचं. फेब्रुवारीत पळसाची निष्पर्ण फांदी आणि तिच्यावर तीनच फुलं. मेमध्ये बहाव्याचा एक घोस. भाद्रपदात सोनकी आणि कुरडू. कार्तिकात वडगावच्या मैत्रिणीच्या शेतातल्या इंद्रायणी भाताच्या लोंब्या. त्या आपल्या वजनाने इतक्या सुंदर वाकतात की वाकवायची गरजच पडत नाही. नदीतली जलपर्णीही एकदा आणली होती. नदीचा गळा घोटणारी ती वनस्पती, पण फूल जांभळं आणि फार देखणं. दुसऱ्या सकाळी ते मान टाकून पडलं होतं.

गुलाबाचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आमचं मावळ गुलाबाचं आहे. तळेगावच्या बाजूला पॉलीहाऊसच्या रांगाच रांगा आहेत. व्हॅलेंटाइन डेच्या आधी इथून परदेशी फुलं जातात, टॉप सिक्रेट, ताजमहाल अशा नावांची. माझ्या मैत्रिणीचा मुलगा एका पॉलीहाऊसवर प्रतवारी बघतो. एका जानेवारीत त्याच्याकडे गेले होते. बायका लांब टेबलापाशी उभ्या राहून देठांच्या लांबीप्रमाणे फुलं वेगळी करत होत्या, ४०, ५०, ६० सेंटीमीटर, आणि वीस-वीसचे बंच बांधत होत्या. लांबी पुरेशी असली तरी देठ ताठच हवा. जरा वाकला की फूल टेबलाखालच्या क्रेटमध्ये. ते क्रेट मी बघितलं आणि पाय तिथून हलेनात. मान वळवलेले, कमरेत वाकलेले, उजेड शोधत तिरके वाढलेले पाचपन्नास गुलाब त्यात पडले होते. फुलात काही खोट नव्हती.

"मावशी, हा रिजेक्शनचा माल आहे. चांगला बंच देतो की," तो म्हणाला. मी वाकडेच मागितले. त्यातला एक, एस अक्षरासारखा वळलेला, शिन म्हणून रोवला. एक वाळकी फांदी सोए, एक कळी हिकाए. इतकंच. त्या देठाला मी हातही लावला नाही, तो आधीच वळून आला होता. सहा वर्षांत माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली रचना.

आई आता पंच्याऐंशीची आहे. बोटं थरथरतात, सुईत दोरा मी ओवून देते. गेल्या २५ डिसेंबरला पहाटे ती हाराला बसली, तेव्हा परडीशेजारी तिने एक पेला पाणी मागून घेतलं. हार झाल्यावर बघते तर पेल्यात पाच तगरी, देठासकट. हार विहारात गेला. तगरी मी परातीत लावल्या.

मावळात कुणाचं पॉलीहाऊस तुमच्या ओळखीचं असेल, तर जानेवारीच्या शेवटी एकदा तिथे जाऊन या. टेबलाखालचं क्रेट दाखवा म्हणावं आणि त्यातले तीन वाकडे गुलाब मागून आणा. केन्झान नसला तर पसरट भांड्यात ओली वाळू भरा, तीही चालते. फुलं दोन दिवस टिकतील, कदाचित चार. तेवढे दिवस त्यांच्याकडे बघा.