तिसरी झाली का?

सकाळी नऊच्या सुमारास मुंबई-पुण्याकडच्या कुठल्याही इमारतीच्या जिन्यात क्षणभर थांबावं. दुसऱ्या मजल्यावरून एक शिट्टी येते, लांबलचक, तोऱ्यातली. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरची. ती तुटक, खाकरल्यासारखी. मग कुठल्यातरी बंद दाराआडून प्रश्न ऐकू येतो, ‘अहो, तिसरी झाली का?’ मोजायला बसवलेल्या गृहस्थांचं डोकं पेपरात असतं. ते ठोकून देतात, ‘दुसरीच.’ त्या दिवशी डाळ जरा जास्त शिजते, घोटायला सोपी जाते आणि कुणाचंही काही बिघडत नाही.

वस्तूची रचना चांगली कशाला म्हणायची, यावर जाणकारांचा खल कायम चालू असतो. त्यात खुर्च्या येतात, दिवे येतात, फोन तर येतातच. कुकर सहसा येत नाही. दिसायला तो देखणा नाहीच. सुटलेलं पोट, काळा दांडा, डोक्यावर टोपीसारखी शिट्टी. नव्या नवरीच्या रुखवतात मांडला तरी दुसऱ्या महिन्यात तो ओट्यावरचा जुना गडी वाटायला लागतो. पण भाषेनं त्याला मान दिला आहे. मराठीत दिवा लावतात, विरजण लावतात आणि कुकरही ‘लावतात’. कढईच्या वाट्याला हे क्रियापद आलं नाही.

मूळ कल्पना मात्र स्वयंपाकघरातली नव्हे. 1679 मध्ये डेनिस पापाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाडजूड, घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं. हेतू होता हाडं मऊ करण्याचा. 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण मिळालं. त्यांच्यातला जॉन इव्हलिन त्या पंगतीला होता. हाडं चीजसारखी मऊ झाली होती, असं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं आणि हाडांपासून केलेली पेलाभर जेली घरी बायकोला पाठवली. विद्वानांनी स्वयंपाकाचा शोध लावायचा आणि घरच्या बाईनं चव बघून पसंती द्यायची, ही रीत तेव्हापासूनचीच दिसते.

पापाँची खरी कमाई वेगळी होती. कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते, हे ओळखून त्यानं झाकणाला एक भोक ठेवलं आणि तरफेला वजन टांगून ते दाबून धरलं. वाफेचा जोर वजनाला भारी पडला की भोक उघडायचं, जोर ओसरला की पुन्हा बंद. आज ओट्यावर फुसफुसणारी शिट्टी ही त्या टांगलेल्या वजनाची पणती. शिट्टी हातात घेतली की ती एवढी जड का, याचं उत्तर मिळतं. तिचं वजन हेच तिचं काम आहे. ते असं ठरवलेलं असतं की आतला दाब हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोनं वाढला की ती उचलली जावी. तेवढ्या दाबाखाली पाणी 100 ऐवजी सुमारे 121 अंशांना उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तासभर हटून बसणारी तूरडाळ पाव तासात शरण येते.

आता गणित करून बघण्यासारखं आहे. झाकण 18 सेंटिमीटर रुंद धरलं तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 250 चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतून त्यावर अडीचशे किलोंचा रेटा. घरातली चार धडधाकट माणसं झाकणाला खालून खांदा देऊन उभी आहेत म्हणा ना! एवढा जोर घेऊन ते भांडं बसलेलं असतं आणि शेजारी कुणीतरी निवांत कोथिंबीर निवडत असतं. हा निवांतपणा फुकट आलेला नाही.

1959 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सनं झाकण भांड्याच्या आतून बसवलं. पहिल्यांदा हाताळणारा माणूस त्यापुढे हमखास गोंधळतो. तिरकं करायचं, आत सरकवायचं, मग फिरवून वर ओढायचं आणि दांडा अडकवायचा. जमलं की मात्र आयुष्यभर विसरत नाही, सायकलसारखं. यात युक्ती अशी की वाफ झाकणाला खालून काठावर दाबते, म्हणजे जो शत्रू तोच दाराला अडसर घालतो. वाफ जिरेपर्यंत झाकण खाली उतरतच नाही. भुकेल्या मुलानं कितीही ओढाताण केली तरी त्या अडीचशे किलोंपुढे त्याचं काय चालणार? ‘वाफ असताना उघडू नका’ अशी चिठ्ठी चिकटवणं सोपं होतं. इथे उघडताच येणार नाही अशी सोय केली. उतावळ्या माणसाला न रागावता थांबवणारी वस्तू विरळाच.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाची गोष्ट वेगळ्या अंगानं शिकवणारी आहे. त्याला रबराची रिंग असते आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीची वाट तुंबली तर त्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफ सुटते. कागदावर बिनचूक. पण बाजारात नकली व्हॉल्व्ह आले, ते वेळेला वितळेनात आणि कुकर फुटू लागले. आमचा भाग वापरला नाही, तेव्हा दोष तुमचा, असं म्हणून असे कुकर करणाऱ्या प्रेस्टिज कंपनीला हात झटकता आले असते. कंपनीच्या टी. टी. जगन्नाथन यांनी ते न करता झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. दाब हाताबाहेर गेला की रिंगच त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफेला वाट करून देते. माणूस स्वस्तातला भाग आणणार, हे धरून चालणारी ही रचना. वापरणाऱ्याला शहाणं करण्याच्या फंदात ती पडत नाही.

डब्यावर डबा ही पद्धत मात्र आपल्याकडचीच. डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये बंगालमध्ये इकमिक कुकर काढला, त्यात खाली कोळसा आणि वर एकावर एक डबे होते. पुढे प्रेशर कुकरच्या पोटातही तीच उतरंड बसली: खाली डाळ, मध्ये भात, वर सालासकट बटाटे. तळाच्या पाण्यात पिळून झालेली लिंबाची फोड टाकायची म्हणजे ॲल्युमिनियम काळं पडत नाही, ही भर घराघरातल्या बायकांची.

आणि सगळ्यात मोठी भरही त्यांचीच. कुकरसोबत येणारी पुस्तिका सांगते, पूर्ण दाब आला की आच मंद करा आणि घड्याळ लावून मिनिटं मोजा. पुस्तिका अर्थातच ड्रॉवरमध्ये गेली. घड्याळाकडे बघावं लागतं. शिट्टी गॅलरीत कपडे वाळत घालताना, पोरीची वेणी घालताना, न्हाणीघरातसुद्धा ऐकू येते. म्हणून मिनिटांऐवजी शिट्ट्या आल्या. शास्त्राच्या दृष्टीनं हे माप अगदीच कच्चं. आच मोठी तर शिट्ट्या भराभर, पाणी कमी-जास्त झालं, भांडं बदललं की हिशेब बदलला. तरी डाळीला तीन, राजम्याला सहा, असे आकडे पाककृतींच्या पुस्तकांत छापले गेले. सुरक्षेसाठी केलेली झडप घरांनी घड्याळ म्हणून वापरली, आणि तिनं ते निमूट सोसलं. रचनाकाराच्या मनात नव्हतं तेही वस्तूनं करू दिलं, तर गुण रचनेलाच द्यायला हवेत.

हल्ली परदेशातल्या मराठी घरांत विजेचा, बिनशिट्टीचा इन्स्टंट पॉट असतो. शहाणा आहे, वेळ पाळतो, मुकाट शिजवतो. त्याच्यासमोर उभं राहून पोरं आईला फोन लावतात, ‘तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?’ आईला ते सांगता येत नाही.

हे वाचून झालं की ओट्याशी जाऊन रिकाम्या कुकरची शिट्टी काढा आणि झाकण उजेडाकडे धरून तिच्या खालच्या नळीतून बघा. आरपार उजेड दिसला पाहिजे. नसेल दिसत, तर आज वरण पातेल्यात करा.