मत्स्यालय आणि वलगण

देवालयात देव राहतो असे आपण गृहीत धरतो. संग्रहालयात मात्र कोणी राहत नाही, तिथे आणून ठेवलेले असते. मत्स्यालय या दोन कुळांपैकी कोणत्या कुळातले, हा प्रश्न आम्हांला मोखाड्याच्या एका मुलीमुळे पडला. २०१६ च्या डिसेंबरात जव्हार-मोखाड्यातली बारावीची काही मुलेमुली घेऊन आम्ही तिघे शिक्षक पहाटे जव्हारहून निघालो होतो. विक्रमगड, मनोर करीत मरीन ड्राइव्हला पोहोचेपर्यंत अकरा वाजले. पहिल्याच टाकीपाशी ती म्हणाली, "मॅडम, हे मासे इथं राहतात का ठेवलेत?"

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. ज्या पारशी दानशूराच्या देणगीमुळे त्याला हे नाव मिळाले, त्याचे आडनाव पालघर जिल्ह्यातल्या तारापूरकडे बोट दाखवते. (जिल्हा २०१४ चा, तारापूर त्याहून कितीतरी जुने.) म्हणजे मुलांच्या जिल्ह्याचे नाव दारावरच होते, आम्ही ते सांगितले आणि कोणावर काहीही परिणाम झाला नाही. २०१५ मध्ये नूतनीकरण झाल्यावर आत अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला होता. त्यात शिरल्यावर मुले गप्प झाली. डोक्यावरून मासा जातो आणि आपण कोरडे राहतो, हे आम्हांलाही नवलाचेच होते. अशा जागेला तुरुंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्यांनी समुद्र पहिल्यांदाच त्या सकाळी पाहिला, त्यांच्यासोबत चालताना ते जमत नाही.

बोलणे सुरू झाले ते गोड्या पाण्याच्या टाक्यांपाशी. काचेवरच्या पाटीत माशाचे नाव होते, शास्त्रीय नाव होते. मुलांच्या वर्गीकरणात मासा कुठे सापडतो, कशाने धरतात, काटे किती, आणि आजारी माणसाला चालतो का, हे येत होते. मग ओघाने वलगण निघाली. पहिल्या पावसात ओहोळांना पाणी आले, की अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. त्याला वलगण म्हणतात. कंदील, टोपल्या, कामट्यांचे सापळे घेऊन अख्खा पाडा रात्री पाण्यात उतरतो. एका मुलाने ते असे सांगितले, की शेजारचे एक अनोळखी कुटुंब टाकीकडे पाठ करून ऐकत उभे राहिले. परीक्षेत याच मुलाला निबंधात जेमतेम गुण पडत. असो.

दुपारी गिरगावातल्या एका खानावळीत जेवलो. सुरमईची तुकडी सर्वांनी खाल्ली, पण निकाल प्रतिकूल लागला: काटा नाही, म्हणून गोडी नाही. पाण्याचे पेले मात्र पुन्हा पुन्हा भरले जात होते. न मागता येणारे, फुकटचे पाणी. आमच्यातल्या भूगोलाच्या सरांना राहवले नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा मोखाडा तालुक्यातला. २०१४ पासून त्याचे दिवसाला साधारण ४५ कोटी लिटर पाणी मुंबईकडे येते, हे त्यांनी बोटाने टेबलावर नदी काढून दाखवले. धरण मुलांनी पाहिलेले होते. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. दोघी-तिघी हंडे घेऊन त्या रांगेत उभ्या राहिलेल्या होत्या. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडलेल्या मात्र त्यांनी प्रथमच पाहिल्या. आम्हीही इतकी वर्षे त्या वेगवेगळ्या तासांनाच शिकवल्या होत्या.

टेबलावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मघाचीच मुलगी गल्ल्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मालक, आमचं पाणी बिलातनं वजा करा!" मालकांना संदर्भ ठाऊक नव्हता, सरांनी तो सांगितला, तेव्हा ते हसले. बिलाचा आकडा बदलला नाही, पण सोलकढी पुन्हा एकदा सगळ्यांना फिरली.

२०२० च्या साथीत मत्स्यालयाचे दार बंद झाले. नंतरच्या तुकड्यांना ते दाखवता आले नाही. वलगण दर जूनमध्ये होते; तिचे आमंत्रण त्या मुलाकडून अजून येते.