अभ्यासासाठी संप

मराठीच्या प्राध्यापिकेला दोन गोष्टी चुकत नाहीत: खडूची धूळ आणि अभ्यासक्रम. धूळ झटकता तरी येते. अभ्यासक्रम मात्र पंचांगासारखा मुकाट्याने मानायचा. अमुक पुस्तक का लावले आणि तमुक का गाळले, असे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणूनच सान फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या मुलांची हकीकत प्रथम वाचली, तेव्हा मी चकितच झाले. ही मुले अभ्यास नको म्हणून नव्हे, तर अभ्यास हवा म्हणून संपावर गेली होती!

६ नोव्हेंबर १९६८ रोजी तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने संप पुकारला. आशियाई, मेक्सिकन आणि इतर वंशांची मुलेही त्यांना येऊन मिळाली. मागण्या एकंदर पंधरा. त्यांतली मुख्य अशी, की आमचा इतिहास, आमचे वाङ्मय शिकवणारा स्वतंत्र विभाग हवा. पोलीस आले, लाठ्या चालल्या, शेकडो मुलांना अटक झाली. प्रभारी अध्यक्ष हायाकावा हे भाषेचे पंडित, शब्दार्थाचे अभ्यासक. पण मुलांचा ध्वनिक्षेपक बोलू लागला, तेव्हा या शब्दपंडितांनी गाडीवर चढून त्याच्या ताराच उपटल्या! भाषा शिकवणारीला हा प्रसंग विसरता येत नाही.

मार्च १९६९ पर्यंत, सुमारे साडेचार महिने, संप चालला. विभाग मिळाला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला. मात्र ज्यांनी त्याची आखणी केली, त्या नेथन हेअर यांना कॉलेजने पुढे ठेवले नाही. त्यांनी त्याच वर्षी इतरांबरोबर 'द ब्लॅक स्कॉलर' हे नियतकालिक काढले. विभाग मिळणे आणि तो आपल्या हाती राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही हकीकत आपल्याला फार परकी नाही. खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. त्या पिढीने लिहिलेली कविता आज मी वर्गात शिकवते.

परवा अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत सूचना आली, की दलित साहित्याची प्रश्नपत्रिका ऐच्छिक करावी. कारण काय, तर "मुलांवर भार फार होतो." कोणी रागावले नाही, कोणी ताराही उपटल्या नाहीत, चहा घेता घेता विषय निघाला. तेव्हा वाटले, लाठीने जे जात नाही ते असे सौजन्याने जाते. भांडून मिळवलेली पाने नियमाच्या एका ओळीने सुटी होतात, कारण ती कशी मिळाली हे पुढच्या पिढीला कोणी सांगितलेलेच नसते.

मी विरोध नोंदवला. सूचना मंजूर झाली. यंदा अकरा मुलांनी तो विषय घेतला आहे. पहिल्याच तासाला मी त्यांना या संपाची हकीकत सांगितली आणि ती परीक्षेत येणार नाही, हेही सांगून टाकले. तरी अकराही जणांनी ती वहीत उतरवून घेतली.