दुकानात बसायला स्टूल आहे का?

गेल्या महिन्यात दोन दिवस वांद्र्याला होतो. बातमीसाठी नाही, भाचीच्या पीएफसाठी. परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज लिहितो. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं-मुली मॉलमध्ये, शोरूममध्ये कामाला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भाची चिपळूणहून मुंबईला गेली ती बारावीनंतर. नालासोपाऱ्याला चार मुलींबरोबर राहते. पहिली नोकरी वांद्रे पश्चिमेला, कपड्यांच्या एका दुकानात. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. बेसिक पगार १२ हजार, त्यातून १२ टक्क्यांनी दरमहा १,४४० रुपये पीएफ कापला जायचा. पगाराच्या स्लिपवर दिसायचा. नोकरी सोडल्यावर पासबुक उघडलं, तर शेवटच्या सात महिन्यांचं काहीच जमा नाही. तिच्याच पगारातून कापलेले १०,०८० रुपये. मालकाने भरायचा हिस्सा वेगळाच.

तिथले एचआर सर स्वभावाने छान होते म्हणे. वाढदिवसाला केक कापायचे, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'अवर फॅमिली'. नोकरी सोडल्यावर तिने पीएफबद्दल विचारलं, तेव्हा "वर पाठवलंय, होईल" असं दोन महिने चाललं. मग उत्तरं यायचीच बंद झाली.

वांद्रे पूर्वेच्या भविष्य निधी भवनात गेलो, तक्रार दिली. बाहेर टपरीवर चहा घेताना मी तिला रागावलो. पासबुक मोबाइलवर दिसतं, कामाला असताना एकदाही का बघितलं नाहीस? ती म्हणाली, "मामा, एकदा शंका आली होती. पण सर एवढे चांगले वागायचे, त्यांना विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं वाटलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे केक असा उपयोगी पडला.

संध्याकाळी तिच्या आताच्या दुकानात गेलो. तेही वांद्र्यातच, चपला-बॅगांचं. मी आत शिरताच ती हसून म्हणाली, "मामा, बघा, इथे स्टूल आहे." बिलिंग काउंटरमागे एक आणि ट्रायलच्या आरशाजवळ एक. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचं, एवढंच. आधीच्या दुकानात नऊ तास उभं. खुर्ची फक्त गिऱ्हाइकाला. रात्री घरी आल्यावर पाय सुजायचे, ते तिने आईला कधी सांगितलं नव्हतं, मलाही त्या दिवशीच कळलं.

स्टूल कुणी ठेवलं? तिथल्या एचआर मॅडमनी. वर हेड ऑफिसला दोनदा लिहिलं आणि आणवलं.

तुम्ही म्हणाल, स्टुलात काय एवढं? उभं राहून काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे कलम कारखान्यांच्या कायद्यात १९४८ पासून होतं. दुकानातल्या बाईसाठी ते कुणाला सुचलं नाही. केरळात कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या बाया विजी नावाच्या कार्यकर्तीबरोबर उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं भांडल्या. शौचालय हवं आणि बसायला हवं, एवढीच मागणी. त्यानंतर २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. तामिळनाडूने २०२१ मध्ये. दोन राज्यांना जे कायद्याने करावं लागलं, ते वांद्र्यातल्या एका मॅडमनी दोन ईमेलवर केलं. नोकरीत बसून एवढी ताकद असते. वापरायची की नाही, हा प्रश्न आहे.

मॅडमशी पाच मिनिटं बोललो. मी पत्रकार म्हटल्यावर आधी जरा सावध झाल्या. मग म्हणाल्या, "सर, मुलाखती घेणं हे माझं सगळ्यात सोपं काम आहे. माझी खरी परीक्षा ड्युटीच्या तक्त्यात असते."

मी तो तक्ता बघितला. स्टाफरूमच्या भिंतीवर, पुढच्या पंधरा दिवसांचा. दुकान रविवारी भरतं, म्हणून रविवारी सुट्टी कुणालाच सहसा मिळत नाही. पण महिन्यातून एक रविवार प्रत्येकाला, पाळीने. दुकान बंद करायची ड्युटीही पाळीने, सुपरवायझरच्या मर्जीने नाही. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही आणि ठेवलं तर सुरक्षेची जबाबदारी मालकाची, हे राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी संमतीची सही रुजू होतानाच घेऊन ठेवतात. भाची सांगते, इथे दर वेळी विचारतात. नाही म्हटलं तर तोंड वाकडं होत नाही.

दुसरी गोष्ट एजन्सीची. एकाच दुकानात, एकाच टी-शर्टमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. काही दुकानाच्या पटावर, काही एजन्सीच्या. पगार अडला की दुकान म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते दुकानाने बिल दिलं नाही. मॅडम दर महिन्याला एजन्सीकडून पीएफ भरल्याची पावती मागवतात, ती आल्याशिवाय पुढचं बिल पास करत नाहीत. यात काही मोठेपणा नाही, असं त्याच म्हणाल्या. कामच आहे ते.

एचआरवाल्यांची बाजूही लिहिली पाहिजे. तेही पगारीच. वरून खर्च कमी करा म्हणून दट्ट्या, खाली मुलं चार महिन्यांत सोडून जातात, दिवाळीच्या तोंडावर माणसं मिळत नाहीत. आधीच्या दुकानातल्या सरांनी ते पैसे खिशात घातले असं मी म्हणत नाही. भरले नसतील ते मालकाने. पण कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो, आणि कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो. हे सरांना माहीत असणारच. सात वेळा १५ तारीख गेली. त्यांनी मुलींना एकदा तरी सांगायला हवं होतं.

अंधेरीला १९९१ मध्ये शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उभं करणारे बी. एस. नागेश यांनी पुढे दुकानातल्या कर्मचाऱ्यांसाठी ट्रेन नावाची संस्था काढली. १२ डिसेंबर हा दिवस या कर्मचाऱ्यांना धन्यवाद म्हणायचा, ही प्रथा तिने २०११ पासून सुरू केली. चांगलीच गोष्ट आहे. पण धन्यवाद वर्षातून एकदा, आणि ड्युटी रोज.

आता हे सगळं जास्त महत्त्वाचं का, तर कायदा बदलतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांचे रोजचे तास ९ वरून १० करायला मान्यता दिली, आणि कायदा १० ऐवजी २० कामगारांच्या दुकानापासून लागू करायचं ठरवलं. दुसरीकडे केंद्राच्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब द्यायचा आहे. कागदावर एक हात देतो, एक हात घेतो. दुकानाच्या फरशीवर नक्की काय पोचतं, ते त्या एका खुर्चीवरचा माणूस ठरवतो.

आपल्याकडून दरवर्षी किती मुलं-मुली या नोकऱ्यांना जातात, तुम्हाला माहीत आहे. आई-बाप विचारतात पगार किती, एसी आहे का. यापुढे हेही विचारा: नेमणुकीचं पत्र मिळालं का? पटावर दुकानाच्या की एजन्सीच्या? सुट्टीचा तक्ता आधी लागतो का? आणि बसायला स्टूल आहे का?

पीएफचं पासबुक आज रात्रीच मुलांना उघडायला सांगा. सरांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. भाचीच्या तक्रारीचं काय झालं ते कळवीनच. कुणाचं असंच अडकलं असेल तर इथे नाव न लिहिता मला मेसेज करा, अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.